आतड्यात स्वादुपिंड कुठनं आलं? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

तासगाववरनं एक ताई: वडलांच्या लहान आतड्याची गाठ काढली. रिपोर्टमध्ये 'हेटरोटॉपिक पॅनक्रियाजमधला कॅन्सर' लिहिलंय. म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर आतड्यात पसरला का?

नाही ताई. हेटरोटॉपिक पॅनक्रियाज म्हणजे भलत्याच जागी वाढलेलं स्वादुपिंड. गर्भात पाचव्या आठवड्याच्या आसपास स्वादुपिंडाचे दोन कोंब आतड्यातनंच फुटतात, मग फिरत येऊन एकमेकांना जुळतात, त्यात एखादा तुकडा आतड्याच्या भिंतीत राहून गेला तर तो तिथंच वाढतो, स्वतःच्या ग्रंथी-नळ्यांसकट, आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. १७२७ पासून याची नोंद आहे. वडलांचा कॅन्सर त्या तुकड्यात सुरू झाला, असं रिपोर्ट सांगतोय. तरी मूळ स्वादुपिंड सीटीत स्वच्छ आहे ना, हे डॉक्टरांना विचाराच.

मिरजेचे एक दादा: एंडोस्कोपीत डुओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) असाच छोटा तुकडा दिसला, त्रास काही नाही. काढून टाकू का?

घाई नको. असे तुकडे पुष्कळांत असतात, कॅन्सर फारच क्वचित होतो. वाढला, जखम झाली, रक्त जायला लागलं तर मात्र काढायचा.

विट्याहून: आईला जेवलं की पोटात कळ येते, पोट फुगतं, कधी उलटी. दुर्बिणीची तपासणी नॉर्मल, म्हणून पित्ताच्या गोळ्या चालू आहेत.

हे मला काळजीचं वाटतं. तोंडातनं घातलेली दुर्बीण डुओडेनमपर्यंतच जाते, खालनं घातलेली लहान आतड्याच्या शेवटाला जेमतेम टेकते, मधलं कित्येक फूट आतडं कुणी बघितलेलंच नसतं, आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' आलं की घरचे निर्धास्त होतात. आईंचं वजन आणि हिमोग्लोबिन बघा, शी डांबरासारखी काळी होते का विचारा, बायका हे आपणहून सांगत नाहीत. सीटी एंटरोग्राफीबद्दल, म्हणजे लहान आतड्याच्या खास सीटी स्कॅनबद्दल, डॉक्टरांशी बोला. गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल आधी नको, आतडं अरुंद झालं असेल तर ती तिथंच अडकते. आणि पोट टम्म होऊन उलट्या सुरू झाल्या, वारा-संडास बंद झालं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री ॲडमिट करा.

कराडवरनं: बायोप्सीत काहीच आलं नाही, मग ऑपरेशननंतर कॅन्सर कसा निघाला? आता केमो लागेल का?

हा तुकडा बऱ्याचदा अस्तराच्या खाली असतो, बायोप्सीचा चिमटा वरवरचंच घेतो, म्हणून खरं निदान काढलेल्या आतड्यावरच होतं. केमोचं गाठ किती खोल गेलीय, लसिका ग्रंथींत पेशी आहेत का यावर ठरतं. आजार इतका दुर्मिळ की ठरलेली पद्धत नाही, बहुधा स्वादुपिंडाच्या कॅन्सरचीच औषधं देतात, जेमसिटाबिन वगैरे. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधनं स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक्स (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या.