ओढ्यापलीकडची शाळा

पत्र : मावशी, मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट ९ आहे. ती बंद करून मुलं ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेत पाठवायची चर्चा सुरू आहे. त्यावर सभा झाली. शाळा बंद करू नका म्हणून सगळ्यात मोठा आवाज माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, आणि त्यांची दोन्ही मुलं व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात! मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्यासारख्यांनी पोरं काढली म्हणूनच शाळा बसली." तेव्हापासून घरात अबोला आहे. नवरा म्हणतो, आपणही पोरीला व्हॅनमध्ये बसवू. ती दुसरीत आहे, वर्गात एकटीच. मी चुकले का?

उत्तर : बोललीस ते अर्धं खरं होतं, म्हणून तर एवढं लागलं. हेच चुलीपाशी बोलली असतीस तर चार भांडी आपटली असती आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. भावकीसमोर ऐकावं लागलेलं बाईमाणूस विसरत नाही.

उरलेलं अर्धं असं, की पट एकट्या व्हॅनने घटत नाही. पाटण-जावळीकडच्या वाड्यांत फिरून बघ, किती दारांना कुलपं आहेत. माणसं मुंबईला माथाडीत गेली, मागून बायकापोरं गेली. शिवाय आता घरात एक नाहीतर दोनच मुलं. हे सगळं तू एकट्या जाऊबाईंच्या पदरात टाकलंस.

त्या एवढ्या का ओरडल्या, याचं मला नवल वाटलं नाही. तुझ्या दिरांनी त्याच शाळेत पाटी गिरवली असेल. झेंडावंदन तिथे, मतदान तिथे. आपली पोरं तिथे नकोत, पण शाळा मात्र हवी, असं पुष्कळांना वाटतं. (सभेत कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव कोणीतरी घेतलंच असेल. शेजारच्या कराड तालुक्यात, काले गावी १९१९ साली त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, हेही सांगितलं असेल. सांगणाऱ्याची नातवंडं कुठे शिकतात ते विचारायची सोय नसते.)

पण तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलीस, "वर्गात एकटीच", तिथे मी अडले. सात वर्षांच्या पोरीला रबरावरून भांडायला कोणी नाही. पाढा चुकला तर हसायला कोणी नाही. नऊ जणांत खो-खोचा एक संघ जेमतेम मैदानात उतरतो, पण मग पळणारे कुठून आणायचे? गुरुजी कितीही चांगले असोत, सोबत्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. म्हणून माझं मत तुला आवडणार नाही कदाचित: पलीकडच्या शाळेत तिच्या वर्गात दहा-बारा मुलं असतील, तर ती शाळा तिच्यासाठी बरी. भांडायचं तर इमारतीसाठी नको, वाटेसाठी भांड.

आणि वाटेसाठी भांडायला आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर दरड, पूर, रस्ता नसणं अशी धोक्याची वाट असेल तर हे अंतर कमी धरावं, असंही म्हटलंय. कागदावरचा एक किलोमीटर आणि तुमच्याकडच्या जुलैतला एक किलोमीटर यांतला फरक कचेरीत बसून कळत नाही. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावायला सांग. त्या समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या बायका, म्हणजे तुझं म्हणणं तिथे पोचवता येईल. ओढ्याला पाणी येतं तेव्हा मुलं कशी जाणार, गाडी मिळणार का, सोबत कोण असणार, हे ठरावात लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. तोंडी आश्वासन पहिल्या पावसात वाहून जातं.

व्हॅनचं म्हणशील, तर नवऱ्याला एवढंच विचार: शाळा बघून ठरवलंय की थोरल्या भावाची बघून? दर महिन्याची फी आणि व्हॅनचे पैसे पाच-सात वर्षं झेपणार असतील, घरी अभ्यास घ्यायला कोणी असेल, तर जरूर विचार करा. अबोल्याला उत्तर म्हणून मात्र पोरीची शाळा बदलू नका.

जाऊबाईंकडे तू जा. धाकटी आहेस, कमीपणा येत नाही. शाळेचा विषय काढू नकोस, "सभेत बोलायला नको होतं" एवढंच म्हण. लगेच नाही बोलल्या तरी चालेल. चार दिवसांनी सांग, की ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, मागायचाय आणि ग्रामसभेत आपलं कोणी ऐकत नाही. त्यांचा आवाज मोठा आहे, हे तूच लिहिलंयस.

त्याआधी एकदा ती वाट पोरीला घेऊन चालून बघ, तिच्या पावलांनी, दप्तर पाठीवर देऊन. रविवारी गेलात तर जाऊबाईंची मुलंही घरीच असतील. त्यांनाही सोबत ने.

— मावशी