जुन्या बडोद्यातलं लग्न ठरवताना

अगं, लग्नांची कामं नुकतीच घेतेस म्हणून सांगते. दांडिया बाजार, मांडवीच्या बाजूचा जुना वाडा पक्षाला दाखवण्याआधी तू एकटी जा, तेही मुहूर्ताच्याच वेळेला. चौकात ऊन कुठे पडतं, होमाचा धूर कुठून बाहेर जातो, ते बघ. वर सागवानी तुळया असतात, म्हणून होमकुंड उघड्या चौकाच्या मधोमधच हवं आणि जवळ पाण्याच्या बादल्या. चुन्याच्या भिंतीला एकही खिळा नको. तोरणं, दिव्यांच्या माळा स्वतंत्र बांबूंवर बांध. हळद अंगणातच लावा, जुन्या फरशीवरचा डाग निघत नाही.

तांबेकर वाडा मात्र कोणालाही सुचवू नकोस. तिथली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पाहुण्यांना दाखवायला घेऊन जा. थाटच हवा असेल तर सयाजीरावांनी १८९० मध्ये पूर्ण केलेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात चौकशी कर, पण खर्च आधी सांग.

वरात मांडवीच्या गल्ल्यांतून पायीच, गाड्या लांब. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून सनई-चौघडा मला तरी जास्त आवडतो. मंगलाष्टकंही तिथे स्पष्ट ऐकू येतात.