अँटिबायोटिकनंतर टाचेमागची शीर दुखते

प्रश्न : वय 63. छातीत कफ झाला म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन 500 मिग्रॅ सात दिवस आणि सोबत प्रेडनिसोलोन पाच दिवस घेतले. सहाव्या दिवशी दोन्ही टाचांच्या मागे दुखायला लागले. गोळ्या संपून दोन आठवडे झाले तरी सकाळी पाऊल टेकवत नाही. अंबाझरीला रोज फिरायचो, ते बंद झाले. तेलाने चोळले, पायरीवर उभे राहून शिरा ताणल्या, तर दुखणे वाढले. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चोळणे आणि ताणणे आजच थांबवा. तुमची शीर आखडलेली नाही, कमजोर झाली आहे. लिव्होफ्लॉक्सासिन ज्या फ्लुरोक्विनोलोन गटातले आहे, त्या औषधांनी टेंडनमधले, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या अशा शिरेतले, कोलॅजन हे मजबुती देणारे प्रथिन बनणे मंदावते आणि ते तोडणारी विकरे वाढतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 मध्येच या गटावर चौकटीतली ठळक सूचना सक्तीची केली. साठीपुढचे वय आणि सोबत स्टेरॉइड (तुमचे प्रेडनिसोलोन), हे दोन्ही धोके तुमच्या बाबतीत एकत्र आले. त्रास पहिल्या 48 तासांत सुरू होऊ शकतो, तसा गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही.

शीर तुटलेली नाही ना, ते आधी पाहा. पलंगावर पालथे झोपून पावले काठाबाहेर सोडा आणि घरच्यांना पोटरी दाबायला सांगा. पाऊल खाली वळायला हवे. वळले नाही, टाचेच्या वर शिरेत खळगा लागला, ‘फट्’ असा आवाज झाला होता किंवा चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर त्याच दिवशी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जा. या चाचणीत ठीक वाटले तरी अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. टेंडनमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन मात्र घेऊ नका.

पहिले दोन-तीन आठवडे शिरेवरचा ताण कमी करायचा. दोन्ही बुटांत टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरचे पॅड ठेवा. घरातही अनवाणी किंवा सपाट चपलेत फिरू नका. उकिडवे बसल्याने ही शीर पूर्ण ताणली जाते, म्हणून तूर्त कमोड वापरा. गाडीला किक मारू नका. दुखल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा.

सकाळचे दुखणे उतरले की ओट्याला धरून दोन्ही टाचा किंचित उचला, 30 ते 45 सेकंद तसेच राहा. असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालेल. खरी कसोटी दुसऱ्या सकाळी : आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखले तर निम्मे करा. टाच पायरीखाली सोडायचा व्यायाम एवढ्यात नको. चालणेही सपाट रस्त्यावर पाच मिनिटांपासून सुरू करा. आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. घाई करणाऱ्यांचे दुखणे हटकून उलटते.

‘फ्लॉक्सासिन’ शेवटी असलेले प्रत्येक औषध याच गटातले. जुलाबावर दुकानातून सहज मिळणाऱ्या जोडगोळीतले ऑफ्लॉक्सासिनही त्यातच येते. हा त्रास कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. पुन्हा कधी कोर्स चालू असताना टाच दुखली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून दुसरे औषध मागा. क्षयावर याच गटातले औषध चालू असलेल्यांनी मात्र स्वतःहून काही बंद करू नये. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर करता येते.