क्रूझ परवडेल, ती पॉलिसी परवडणार नाही

नाशिकच्या एका वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. वय ६२, दोन वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त. पत्नी ५९ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांना महिना २५ हजार पेन्शन आहे, यांना पीएफच्या पेन्शनचे चार हजार. घर स्वतःचे, मुलगी मार्गी लागलेली. ६२ लाखांच्या मुदत ठेवी, ८ लाख म्युच्युअल फंडात, महिन्याचा खर्च ५५ हजार.

वहिनींचे माहेर दिंडोरी तालुक्यातले. भाऊ वायनरीसाठी शिराझ द्राक्ष लावतो. लहानपणापासून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी पाहिलेल्या या बाईंना एकदा शिराझचे माहेर बघायचे आहे. ते फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या काठी. तिथे ल्यों ते आव्हिन्यों अशी सात रात्रींची वाइन क्रूझ पुढच्या सप्टेंबरमध्ये आहे. पर्यटन कंपनीने दोघांचे १३ लाख सांगितले आहेत. ठेव मोडावी की कंपनी मिळवून देते ते तीन वर्षांचे कर्ज घ्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न.

उत्तर आधी देतो. कर्ज काढू नका. १३ लाखांच्या कर्जाला १४ टक्क्यांनी महिना साडेचव्वेचाळीस हजारांचा हप्ता बसतो आणि व्याजात तीन लाख जातात. पावणेसात टक्क्यांची ठेव तशीच ठेवून १४ टक्क्यांचे कर्ज घेणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. जायचे तर ठेवीतून जा.

पण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, तिने माझी झोप उडवली. तुम्ही लिहिता: ‘कर्ज तसे वर्षभरच राहील. बँकेतल्या मॅडमनी एक स्कीम करून दिली आहे, वर्षाला ६ लाख. दोनदा भरले, तिसरा हप्ता ऑक्टोबरमध्ये. तीन झाले की २० लाख मिळतात, त्यातून कर्ज फेडून टाकू.’ म्हणून मी तुमच्याकडून त्या ‘स्कीम’च्या कागदांचे फोटो मागवले.

ती स्कीम नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. दुसऱ्याच पानावर चौकटीत छापले आहे: हप्ता भरण्याची मुदत १० वर्षे. बारा वर्षे पूर्ण झाल्यावर दरवर्षी साडेदहा लाख, असे दहा वर्षे. म्हणजे पैसे यायला लागतील तेव्हा तुम्ही ७२ वर्षांचे असाल. ‘तीन वर्षांनी २० लाख’ हे बाँडच्या, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदांच्या, एकाही पानावर नाही. ते फक्त तुमच्या एका एफडी पावतीच्या मागे निळ्या पेनने लिहिलेले आहे: ६ + ६ + ६, खाली रेघ, आणि २०. ती पावती जपून ठेवा, तिचे काम पुढे आहे.

तीन हप्ते भरून पॉलिसी बंद केली तर खरे किती मिळतील, तेही बाँडमध्ये आहे. दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, तिसऱ्यानंतर ३५ टक्के. आज बंद केली तर १२ लाखांचे ३ लाख ६० हजार. ऑक्टोबरचा हप्ता भरून बंद केली तर १८ लाखांचे ६ लाख ३० हजार. ज्या २० लाखांच्या भरवशावर तुम्ही कर्ज घेणार होता, ते हे सव्वासहा लाख. आणखी सहा लाख घालायचे आणि पावणेतीन लाख वाढवून घ्यायचे, हा त्या तिसऱ्या हप्त्याचा अर्थ.

‘६० लाख भरा, एक कोटी पाच लाख घ्या’ हे आकर्षक वाटते, कारण मधली वर्षे कोणी मोजत नाही. प्रत्येक सहा लाख बारा वर्षांनी साडेदहा लाख होऊन परत येतात. हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत आहे. तेच सहा लाख साध्या पावणेसात टक्क्यांच्या ठेवीत बारा वर्षांत तेरा लाख होतात. करमुक्त असल्याचे सांगितले, तेही खरे नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांवर गेला की त्यातला नफा करपात्र उत्पन्नात धरला जातो. तुमचा हप्ता ६ लाख आहे.

परतावा कमी, एवढेच असते तर मी इतका वेळ घेतला नसता. हप्ता येणार कुठून, हे तुम्हाला कोणी विचारलेच नाही. दोघांचे पेन्शन वर्षाला साडेतीन लाख, ठेवींचे व्याज सव्वाचार लाख, खर्च ६ लाख ६० हजार. लाखभर शिल्लक राहते. म्हणजे सहा लाखांचा हप्ता उत्पन्नातून भरला जातच नाही, दरवर्षी ठेव मोडून भरला जातो. ठेव कमी झाली की व्याज कमी होते, खर्च मात्र महागाईने चढतो. मी पुढची वर्षे मांडून पाहिली. शेवटचा हप्ता जाईल त्या वर्षी, तुमच्या सत्तरीत, ६२ लाखांच्या ठेवींतले काहीही उरत नाही. पॉलिसीचे उत्पन्न सुरू व्हायला तेव्हा अजून दोन-तीन वर्षे असतात. त्यात क्रूझचे १३ लाख मिळवले तर ठेवी अडुसष्टाव्या वर्षीच संपतात, आणि मग राहिलेले हप्तेही भरता येत नाहीत.

आणि तुम्ही मात्र पत्रभर क्रूझबद्दल अपराधी वाटते म्हणून लिहिले आहे. ‘आयुष्यभर काटकसर केली, आता हे चैनीचे वाटेल का?’ अहो, क्रूझ एकदाच १३ लाख मागते. ही पॉलिसी अजून ४८ लाख मागते आहे, आणि त्याबद्दल पत्रात अर्धी ओळ आहे.

आता प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेतानाचा अर्ज, बघा. बाँडच्या शेवटी त्याची प्रत जोडलेली असते, ती सहसा कोणी उघडत नाही. तुमच्या फॉर्मवर व्यवसाय ‘स्वतःचा उद्योग’ आणि वार्षिक उत्पन्न १८ लाख लिहिले आहे. सही तुमची आहे, बाकीचे अक्षर तुमचे नाही. निवृत्त माणसाला सहा लाखांचा हप्ता झेपत नाही म्हणून फॉर्मवर उद्योग उभा केला. पडताळणीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, असे तुम्हाला सांगितले होते, आणि तुम्ही विश्वासाने हो म्हणालात. माझ्या टेबलावर अशा फायली दर महिन्याला येतात, आणि बहुतेक वेळा त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसांच्या असतात. पीएफची रक्कम खात्यात जमा झाली की आठवड्याच्या आत चहाचे बोलावणे येते. याचा मला मनापासून संताप येतो.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण न सांगता परत करता येते. ती मुदत गेली. पण फसवून विकल्याची तक्रार करता येते. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या, प्रत बँकेच्या शाखेला द्या. सोबत तीन गोष्टी जोडा: फॉर्मवरचे खोटे उत्पन्न, तुमच्या निवृत्तीचे पत्र आणि निळ्या पेनची ती पावती. मागणी एकच, दोन्ही हप्त्यांचे १२ लाख परत. पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंगही मागा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र गेले पाहिजे. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवा. शाखेतल्या मॅडम कदाचित घरी येतील, ‘सर, माझी नोकरी जाईल’ म्हणतील. त्यांना चहा द्या, पण पत्र मागे घेऊ नका.

तक्रार यशस्वी होईलच असे मी सांगत नाही. म्हणून दुसरी वाट आत्ताच ठरवू. पैसे परत मिळाले नाहीत तरी तिसरा हप्ता भरायचा नाही आणि पॉलिसी सरेंडरही, म्हणजे बंद करून पैसे घेणेही, करायची नाही. ती पेड-अप करायची, म्हणजे हप्ते थांबवून भरलेल्या प्रमाणात लाभ चालू ठेवायचा. तुमच्या बाँडप्रमाणे दोन हप्ते पूर्ण झाल्यावर तशी सोय आहे. दहापैकी दोन हप्ते भरले, म्हणून बहात्तरीपासून साधारण २ लाख १० हजार दरवर्षी, दहा वर्षे. आज हातात येणारे ३ लाख ६० हजार घेऊन ते आठ टक्क्यांनी गुंतवले, आणि बहात्तरीपासून तसेच दहा वर्षांत काढले, तरी एकूण अकरा लाखांच्या आसपासच मिळतात. पेड-अपमध्ये एकूण २१ लाख येतात. रक्कम कंपनीकडून लेखी घ्या. आणि खात्याला लावलेले ऑटो डेबिट सप्टेंबरमध्येच रद्द करा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये सहा लाख तुम्हाला न विचारता जातील.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. तुम्हाला ती कोणी सांगितलीच नसेल, कारण तिच्यात सांगणाऱ्याला काही मिळत नाही. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के व्याज, दर तिमाहीला खात्यात. ठेवी जशा मुदत संपून येतील तसे ३० लाख तिकडे वळवा. वर्षाला चाळीस-त्रेचाळीस हजार जास्त मिळतील. वहिनी पुढच्या वर्षी साठीच्या होतील, तेव्हा त्यांच्या नावावर वेगळे खाते उघडता येईल. आणि ‘मेडिक्लेमचे नंतर पाहू’ असे लिहिले आहे, ते नंतर नको. कारखान्याचे संरक्षण निवृत्तीबरोबर संपले. दोघांचा दहा लाखांचा आरोग्य विमा या महिन्यात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

आता क्रूझ. पत्रकात जहाजाचे भाडे माणशी ३,६०० युरो आहे. युरो १०५ रुपये धरला तर दोघांचे साडेसात लाख. विमानाचे दोन लाख. शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो आणि सेवाशुल्क, प्रवास विमा, ल्योंमधल्या आधीच्या दोन रात्री, जहाजावरची टिप, सगळे मिळून आणखी लाखभर. बेरीज साडेदहा लाख. वरचे अडीच लाख कशाचे, हे कंपनीला लेखी विचारा. टीसीएस म्हणत असतील तर तो खर्च नाही, आगाऊ कापलेला कर आहे, विवरणपत्र भरून परत मिळतो. वाइन पॅकेज म्हणत असतील तर नको म्हणा. अशा जहाजांवर जेवणाबरोबरची वाइन बहुतेक भाड्यातच असते. तुम्ही दोन ग्लास घेणार, वहिनी चव बघणार. त्यासाठी वेगळे पैसे कशाला?

जहाजाशिवायही हे जमते. ल्योंहून शिराझच्या गावाला, तां-लेर्मिताजला, साधी रेल्वेगाडी तासाभरात पोचते, तीच लाइन पुढे आव्हिन्योंला जाते. हॉटेले धरून सहा लाखांत सहल होईल. पण वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचे तुम्ही लिहिले आहे. रोज बॅग उचलून स्टेशनचे जिने चढण्यापेक्षा एकदाच बॅग उघडायची आणि खोलीसकट गाव बदलायचे, हे त्यांच्यासाठी साडेचार लाख जास्त देण्याजोगे आहे, असे माझे मत आहे. करारात नदीला पूर आल्यावर काय होते ते मात्र वाचा. ऱ्होनला पाणी चढले की जहाजे थांबतात आणि प्रवाशांना बसने फिरवतात. वसंतात हा त्रास जास्त, सप्टेंबरमध्ये कमी.

तारीख सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली घ्या, म्हणजे वेलीवर घड दिसतील. तां गावामागे ग्रॅनाइटची उभी टेकडी आहे, पायऱ्यापायऱ्यांनी वेली लावलेल्या, माथ्यावर छोटे चॅपल. लेर्मिताज म्हणतात ती हीच, शिराझचे घर. तिथे त्याला सिरा म्हणतात. नाव इराणी शहराचे असले तरी डीएनए तपासणीत या वाणाचे दोन्ही पालक फ्रान्सचेच निघाले. म्हणजे वहिनी माहेर म्हणतात ते बरोबर आहे. तिथे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते, हे त्यांच्या भावाला आवर्जून दाखवण्यासारखे आहे. वर गाडीने जा, चढण गुडघ्यांना झेपणार नाही. परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारूवर सीमाशुल्क नाही, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या आरामात येतील.

हप्ता थांबला आणि ३० लाख बचत योजनेत गेले, तर साडेदहा लाख क्रूझला देऊनही वर्षाचा खर्च भागून पाऊण-एक लाख उरतात. कंपनीची आगाऊ रक्कम भरायची मुदत महिनाअखेरीची आहे. त्याआधी तक्रारीचे पत्र गेले पाहिजे आणि ऑटो डेबिट रद्द करण्याचा अर्ज दिला गेला पाहिजे. दोन्हींची शिक्क्यासह पोच घ्या आणि फोटो मला पाठवा. त्याच दिवशी क्रूझचे पैसे भरायला माझी हरकत नाही.