बागेला पाणी घालण्यासाठी पाइप कोणता घ्यावा?

प्रश्न : आमचा प्लॅस्टिकचा पाइप वर्षभरात कडक होऊन नळाजवळच चिरला. टिकाऊ आणि लवचिक पाइप कसा ओळखावा?

उत्तर : साधे पीव्हीसी उन्हाने कडक होते आणि नळाजवळच्या वळणावर ताण अधिक असल्याने चीर बहुधा तेथेच पडते. म्हणून दोन थरांमध्ये धाग्यांची जाळी असलेला पाइप घ्यावा. घेण्यापूर्वी तो हाताने दुमडून पाहावा आणि सोडल्यावर पुन्हा गोल न होता घडीची पांढरी रेघ तशीच राहिली, तर तो परत ठेवावा. रबरी पाइप अधिक टिकतो, मात्र ओढताना त्याचे वजन जाणवते. पारदर्शक पाइप दिसतो छान, पण उजेडामुळे आत शेवाळ धरते. घरच्या बागेला अर्धा इंच आतील व्यास सहसा पुरतो. लांबी मात्र गरजेपुरतीच घ्यावी, कारण ती वाढली की दाब घटतो.