बोरट्रॉनकर

"मॅडम, खरं काय नि खोटं काय, त्याला कळतच नाही हो!" हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय की पुढचं मीच सांगू शकेन. कुणाचं पोर दिवसभर मांजर असतं, कुणाचं रेल्वेचं इंजिन. हा मुलगा परग्रहावरचा होता. कुटुंब मूळ नाशिकचं, चार महिन्यांपूर्वी सिअॅटलजवळ राहायला गेलेलं. मुलगा सहा वर्षांचा. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

"मला 'सेलरी' म्हणतो, ह्यांना 'कॅरट'. शाळेत तोंड उघडत नाही. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढ."

हे सगळं आलं होतं 'रेडी जेट गो!' या मालिकेतून. पीबीएस किड्स या अमेरिकेतल्या मुलांच्या वाहिनीवर २०१६ साली ती सुरू झाली. बोरट्रॉन ७ या ग्रहावरचा जेट आईवडिलांबरोबर वॉशिंग्टन राज्यातल्या एका वस्तीत राहायला येतो. आईचं नाव सेलरी, बाबांचं कॅरट. दोघं प्रवासवर्णनं लिहितात, पृथ्वीची माहिती गोळा करायला आलेत. मी बसून बरेच भाग पाहिले. मुलाचा खेळ मला कधी दुखणं वाटत नाही, निरोप वाटतो. तो वाचायच्या आधीच टीव्ही बंद करा म्हणणारे सल्लागार पुष्कळ आहेत.

तिसऱ्या व्हिडिओ-भेटीत मी त्याला विचारलं, "जेटला इथलं सगळं येतं?"

"काहीच येत नाही. सारखा विचारतो, हे काय, ते काय."

"मग हसतात त्याला?"

"नाही. शॉन आणि सिडनी सांगतात ना." मग बराच वेळ गप्प. "फक्त मिचेलला कळू द्यायचं नाही." शॉन आणि सिडनी हे मालिकेतले जेटचे दोस्त; मिचेल म्हणजे शेजारचा, सतत टेहळणी करणारा मुलगा.

"काय कळू द्यायचं नाही?"

"की हा इथला नाहीये."

मागे आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. 'शाळेत येत नाही असं म्हणायचं नाही, नुसतं येस म्हणायचं,' हे रोज सकाळी तीच त्याला बजावायची. बाबा आधी हसले. म्हणाले, "टॅक्सच्या कागदांवर आम्हीही 'एलियन'च आहोत." (तिथे परदेशी माणसालाही 'एलियन'च म्हणतात.) मग हळूच, "ऑफिसात विनोद कळला नाही तरी मी हसतो."

मुलानं घराची दुखरी जागा बरोबर हेरली होती. न कळणं जिथे चालतं, असं एक घर त्यानं स्वतःपुरतं शोधलं होतं.

मी खेळ थांबवला नाही, उलट आईबाबांनाच त्यात घातलं. रोज जेवताना प्रत्येकानं पृथ्वीवरची एक न कळलेली गोष्ट सांगायची, पहिला नंबर बाबांचा. पहिल्या रात्री बाबांना 'पॉटलक', म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, कळलं नव्हतं. दुसऱ्या रात्री आईनं शाळेतून आलेली चिठ्ठीच पुढे ठेवली. काही आठवड्यांनी शाळेत मुलाचं पहिलं वाक्य फुटलं, तेही जेटचंच: "व्हॉट इज धिस?"

नव्या भाषेत पडलेली मुलं काही आठवडे, कधी काही महिनेही बोलत नाहीत. ऐकणं मात्र चालू असतं. तेवढा वेळ द्या, आणि बाईंना तसं सांगून ठेवा. मूल घरीही बोलेनासं झालं, येत असलेले शब्द हरवू लागले, किंवा भूक लागली, लागलं-खुपलं तरी खेळातून बाहेर येईना, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

परवा आजीनं फोनवर विचारलं, "काय बोरट्रॉनकर, जेवलात का?"

"आजी, आत्ता मी खेळत नाहीये," तो म्हणाला.