दोन लहान मुले आणि आजी यांच्यासह थीम पार्कच्या सुट्टीचा खर्च कसा आखावा?

आपण विचारले आहे की, साडेतीन आणि सात वर्षांची दोन मुले, आपण दोघे आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई अशा पुण्यातल्या पाच जणांच्या कुटुंबाने थीम पार्कच्या सुट्टीसाठी किती पैसे बाजूला काढावेत, आणि खोपोलीजवळचे इमॅजिका पुरेल की थोडी जास्त बचत करून थेट सिंगापूर किंवा हाँगकाँग गाठावे. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही जवळची आणि परदेशातली अशा दोन्ही सहली केल्या आणि दोन्हींचा हिशेब घरच्या खर्चाच्या वहीत लिहून ठेवला आहे. त्याच आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

कोणतेही दरपत्रक उघडण्यापूर्वी दोन्ही मुलांना चपला काढून दाराच्या चौकटीला उभे करा आणि त्यांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत मुलांचे तिकीट उंचीवर ठरते, परदेशात ते बहुधा वयावर ठरते, आणि आत गेल्यावर कोणत्या राइडवर बसू देतील हे मात्र जवळपास सगळीकडे उंचीवरच ठरते. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तर सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये ही मर्यादा चार वर्षांची आहे. म्हणजे आपले धाकटे मूल आज सिंगापुरात फुकट आत जाईल, हाँगकाँगला त्याचे तिकीट काढावे लागेल आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे काढावे लागेल. या सवलतीच्या मोहाने घाईने सिंगापूर ठरवू नये असे मात्र मला वाटते, कारण तिथल्या ट्रान्सफॉर्मर्स राइडसाठी किमान १०२ आणि ममीच्या रोलर कोस्टरसाठी १२२ सेंटिमीटर उंची लागते. साडेतीन वर्षांचे मूल साधारण शंभरच्या आत-बाहेर असते आणि सात वर्षांचे एकशे वीसच्या आसपास, त्यामुळे आपली दोन्ही मुले नेमकी उंबरठ्यावर आहेत. आम्ही एका वॉटर पार्कची तिकिटे ऑनलाइन काढली तेव्हा मुलीचे तिकीट जुन्या उंचीवरून मुलांच्या दराने घेतले होते. दारात मोजल्यावर ती दोन सेंटिमीटरने वरच्या गटात गेली आणि ऑनलाइन सवलत सोडून खिडकीवरच्या दराने फरक भरावा लागला. पैशांपेक्षाही, रांगेत सर्वांसमोर दोनदा मोजले गेल्याने तिचा उतरलेला चेहरा माझ्या लक्षात राहिला आहे.

दुसरी मोजणी मुलांच्या दमाची. थीम पार्कचे तिकीट आपण पूर्ण दिवसाचे घेतो, पण साडेतीन वर्षांचे मूल त्यातले चार ते पाच तासच खऱ्या अर्थाने वापरते, कारण दुपारच्या झोपेची वेळ टळली की पुढचा सगळा वेळ त्याला कडेवर घेऊन फिरण्यात जातो. हे आधीच पाहायचे असेल तर एखाद्या रविवारी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सकाळपासून जा, जेवण तिथेच करा आणि धाकटे किती वाजता 'उचलून घे' म्हणू लागते ते घड्याळ लावून पाहा. ते आवार सुमारे १३० एकरांचे आहे आणि चालणे भरपूर होते, त्यामुळे अंदाज चांगला येतो. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना दुपारी दीडला थकला होता आणि पुढे इमॅजिकातही त्याने जवळपास त्याच वेळी मान टाकली. म्हणून आमच्या हिशेबात त्याचा दिवस साडेदहा ते दीड आणि झोपेनंतर साडेचार ते सहा असा धरलेला होता. एका राइडला रांगेसह अर्धा तास लागतो असे मानले, तर त्याच्या वाट्याला आठ-नऊ राइडच येतात. तिकिटाच्या रकमेला या संख्येने भागून पाहिले की जास्त पैसे कुठे टाकायचे आणि कुठे नाही हे आपोआप कळते.

याच कारणासाठी रांग टाळण्याचा एक्स्प्रेस पास या वयाच्या मुलांसाठी मी घेणार नाही. सर्वांत लांब रांगा मोठ्या रोलर कोस्टरना असतात आणि तिथे आपले धाकटे बसू शकणारच नाही. त्याच्या गोल फिरणाऱ्या घोड्यांची आणि संथ गाड्यांची रांग आडवारी फारशी नसते. आपल्यापैकी एकाला मोठ्या राइडची हौस असेल तर दोघांनी पाळीपाळीने जावे. परदेशातल्या मोठ्या पार्कांत तर एका पालकाने रांग लावल्यावर दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांगेत उभे राहावे लागू नये अशी सोय असते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता इमॅजिकाचा हिशेब. मागील जानेवारीत आम्ही चौघे एका मंगळवारी स्वतःच्या गाडीने सकाळी जाऊन रात्री परत आलो आणि वहीत एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास रक्कम पडली. त्यात तिकिटे निम्म्याहून थोडी अधिक होती. उरलेल्यात पेट्रोल, द्रुतगती मार्गाचा जाता-येताचा टोल, खाणेपिणे, लॉकर आणि बाहेर पडताना दुकानातून घेतलेल्या दोन वस्तू आल्या. आपण पाच जण आहात, तेव्हा सोळा ते अठरा हजार धरून चला आणि मुक्काम करायचा असेल तर खोलीचे भाडे त्यात वेगळे मिळवा. तिकिटाचा दर पाहताना तो करासह आहे की करावेगळा, हे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन तपासा. जानेवारी २०१८ मध्ये थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला हे खरे, पण पाच तिकिटांवर अठरा टक्के म्हणजे जवळपास आणखी एका माणसाचे तिकीट होते.

खाण्याच्या खर्चाबाबत बहुतेक घरांचा अंदाज चुकतो, म्हणून याविषयी थोडे अधिक लिहिते. बहुतेक पार्कांत बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या आणि लहान मुलांच्या खाण्याला आणि औषधांना सहसा हरकत घेत नाहीत, तरी ते आधी फोन करून विचारून घ्यावे. आपण घरी 'एक वेळचे जेवण' धरतो, पण लहान मुलांना दर दीड-दोन तासांनी काहीतरी लागते आणि उन्हात पाणी, सरबत, आइस्क्रीम यांची मागणी थांबत नाही. आम्ही पहाटे घरून निघताना थालीपीठ आणि दही बांधून घेतो, खोपोलीला उतरण्यापूर्वी गाडीतच सर्वांचा भरपेट नाश्ता उरकतो आणि परतीसाठी वेगळा डबा गाडीत ठेवतो. त्यामुळे आत एक जेवण आणि एक मधले खाणे एवढेच विकत घ्यावे लागते. या एका सवयीने आमचा खाण्याचा खर्च निम्म्यावर आला. मुलांचे पोटही त्यामुळे ठीक राहिले.

दुकानाचा प्रश्न आम्ही मुलांशी आधी बोलून सोडवला. बाहेर पडण्याची वाट खेळण्यांच्या दुकानातून काढलेली असते आणि दमलेल्या मुलाला तिथे नकार देणे कठीण जाते. सात वर्षांच्या मुलाच्या हातात निघण्यापूर्वीच तीनशे-चारशे रुपये द्या आणि त्यातून काय घ्यायचे हे त्याचे त्याला ठरवू द्या. माझ्या मुलीने पूर्ण दिवस ते पैसे खिशात जपले आणि शेवटी आजीसाठी चावी अडकवायचे कडे घेतले, जे माझ्या सासूबाई आजही वापरतात.

दिवसाची निवड हाही पैशांचाच प्रश्न आहे. शनिवार-रविवारी, मे महिन्याच्या सुट्टीत आणि नाताळच्या आठवड्यात दर चढे असतात आणि गर्दीमुळे त्याच तिकिटात राइड कमी मिळतात, म्हणजे तोटा दुहेरी होतो. पावसाळ्यात खोपोलीच्या परिसरात पाऊस फार कोसळतो आणि मोठ्या पावसात उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा आणि त्यातही आडवार उत्तम. शाळेच्या गॅदरिंगनंतर जी एक-दोन दिवसांची सुट्टी मिळते ती याच काळात येते. आम्ही तीच धरली होती आणि मुलांचा एकही तास बुडला नाही.

सासूबाईंविषयी. राइडवर बसणार नसल्या तरी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला सहसा तिकीट लागते. ज्येष्ठ नागरिकांसाठी अनेक ठिकाणी वेगळा दर असतो, तो जरूर विचारावा. पण त्याआधी त्यांनाच विचारा की त्यांना दिवसभर आत यायचे आहे का. पुष्कळदा आपण त्यांच्या वतीने ठरवून टाकतो आणि मग त्या नातवंडांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसून राहतात. त्यांना यायचे असेल तर आत चाकाची खुर्ची मिळते का याची चौकशी आधी करा. माझी सूचना अशी की, एका रात्रीचा मुक्काम धरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालीच्या बल्लाळेश्वराचे किंवा महडच्या वरदविनायकाचे दर्शन घेऊन परतावे. दोन्ही अष्टविनायकांतली स्थाने आहेत आणि इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच असल्याने वाट फारशी वाकडी करावी लागत नाही. यामुळे सुट्टीत त्यांच्या मनाजोगता एक दिवस येतो, आणि दिवसभर उन्हात फिरून रात्री घाट चढत गाडी चालवण्याचा धोकाही टळतो. मुक्कामाचे पैसे मी चैनीत धरत नाही.

आता परदेशाविषयी. मागच्या वर्षी, मुलगी आठ आणि मुलगा पाच वर्षांचा असताना, आम्ही चौघे पाच रात्रींसाठी सिंगापूरला गेलो. एकूण खर्च चार लाखांच्या आसपास झाला आणि त्यात युनिव्हर्सल स्टुडिओजची तिकिटे तीस हजारांच्या आतच होती. परदेशी सहलीत पार्क हा खर्चाचा लहानसा भाग असतो आणि विमानाच्या जागा व हॉटेलच्या रात्री हा मोठा. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी विमानात स्वतंत्र जागा घ्यावी लागते आणि तिचे भाडे मोठ्यांच्या जवळपास असते, तेव्हा आपल्याला पाच पूर्ण जागा धराव्या लागतील. प्रत्येक मुलाला स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, म्हणून फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. सिंगापूरसाठी व्हिसा लागतो आणि अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. हाँगकाँगसाठी भारतीयांना प्रवासापूर्वीची ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती विनाशुल्क आहे आणि तिच्यावर एका भेटीत चौदा दिवसांपर्यंत राहता येते. सहल कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा कर, आकारला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तेवढी रोख रक्कम तोपर्यंत अडकून राहते, म्हणून बजेटमध्ये तिची ओळ वेगळी हवी. तसेच अनेक बँकांची कार्डे परकीय चलनातल्या खरेदीवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात आणि त्यावर पुन्हा जीएसटी येतो. निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचा दर बँकेतून लेखी विचारून घ्या.

या सर्वांवरून माझे मत असे आहे की, येत्या हिवाळ्यात इमॅजिका करावे आणि परदेश दोन वर्षांनी. तोवर धाकटे साडेपाच वर्षांचे आणि बहुधा ११० सेंटिमीटरच्या पुढे असेल, दुपारची झोप सुटलेली असेल आणि थोरले नऊ वर्षांचे झाल्याने मोठ्या राइडवरही बसू शकेल. पाच जणांसाठी साडेचार ते पाच लाख धरले, तर दोन वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा साधारण एकोणीस-वीस हजार टाकावे लागतील. एवढे जमणार नसेल तर मुदत तीन वर्षांची करा, पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर ही सहल करू नका. आमच्या ओळखीच्या एका घरात सहलीचे फोटो जुने झाले तरी हप्ते चालू होते आणि त्या काळात मुलांच्या पोहण्याच्या शिकवणीचे पैसे भरताना त्यांना विचार करावा लागला. ते पाहून आम्हाला फार वाईट वाटले होते.

एक तरतूद मात्र दोन्ही सहलींत ठेवा. या वयाच्या मुलांना निघण्याच्या आदल्या रात्री ताप येणे अगदी नेहमीचे आहे आणि स्वस्तातली तिकिटे पुष्कळदा परत करता येत नाहीत. आमच्या बाबतीत असे एकदा घडले आणि चारही तिकिटे वाया गेली. त्यानंतर आम्ही थोडे जास्त पैसे देऊन तारीख बदलता येईल अशीच तिकिटे घेतो, परदेशासाठी प्रवास विमा काढतो आणि एकूण रकमेच्या दहा टक्के रक्कम कोणत्याही ओळीत न दाखवता तशीच बाजूला ठेवतो. आपल्या सोळा-अठरा हजारांवर ही रक्कम पावणेदोन हजारांच्या आसपास होईल, ती त्यात मिळवून, मुक्कामाचे भाडे सोडून, वीस हजारांचा आकडा पक्का धरा.